सर अलेक्झांडर फ्लेमिंग : त्यांचा शोध व त्यांचा इशारा

पुण्याहून नगर रस्त्याने जाऊ लागले म्हणजे येरवड्यापुढे आगाखान पॅलेस ह्या नावाने प्रसिद्ध असलेली कमानींची भव्य इमारत लागते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ती सहलीच्या निमित्ताने पाहिली असेल, व तेथील आवारात महादेवभाई देसाई व कस्तुरबा गांधी ह्यांच्या समाध्यांपुढे क्षणभर उभे राहून मस्तकही नमविले असेल. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यापासून महात्मा गांधी व कस्तुरबा ह्या वास्तूत स्थानबद्ध होते, आणि येथेच १९४४ च्या फेब्रुवारीच्या २२ तारखेस कस्तुरबांनी देह ठेवला. त्यांचे हृदय अगोदरच क्षीण झाले होते; त्यात फुप्फुसांचा विकार बळावला. त्यांचे धाकटे चिरंजीव देवदास ह्यांनी शेवटचा उपाय म्हणून एक अगदी नवे औषध कलकत्त्याहून विमानाने पुण्यास आणविले. त्या औषधाचे नाव पेनिसिलिन. महायुद्धाचे ते दिवस असल्यामुळे हे औषध सोन्याहूनही दुर्मिळ होते व जवळजवळ सर्वच साठा सैन्याकडे जात असे. परंतु दर काही तासांनी सुई टोचावी लागेल असे कळल्यावर, मरणाच्या दारी टेकलेल्या पत्नीस हे क्लेश आणखी देऊ नयेत असे गांधीजींना वाटले, व ती कुपी तशीच राहिली.

ह्या गोष्टीस आता ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या वेळी औषध होते, परंतु ते मिळत नव्हते. आज तेच औषध आणि त्याची कितीतरी भावंडे गल्लीच्या कोपऱ्यावरील दुकानात मिळतात. आणि तरीही ह्याच पुण्यातील काय किंवा लंडनमधील काय, मोठमोठ्या इस्पितळांत असे रोगी आढळतात की ज्यांच्या रक्तात शिरलेले जंतू ह्या औषधांना मुळीच जुमानीत नाहीत. ही विपरीत गोष्ट कशी घडून आली, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने पेनिसिलिनच्या शोधकाचे चरित्र अवश्य वाचावे. कारण ज्या पुरुषाने हे औषध जगास दिले, त्यानेच ते निकामी कसे होईल हेही जगास स्पष्ट बजावून ठेविले होते. त्याचे औषध जगाने आनंदाने घेतले, त्याचा इशारा मात्र कानाआड केला.

अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांचा जन्म १८८१ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळील लॉकफील्ड नावाच्या शेतवाडीवर झाला. वडील ह्यू हे शेतकरी होते. त्यांच्या दुसऱ्या पत्नीच्या चार मुलांपैकी अलेक्झांडर हा तिसरा. तो सात वर्षांचा असताना वडील वारले, आणि घराचा भार आई ग्रेस व मोठे सावत्र भाऊ ह्यांच्यावर पडला. माळरानावर मेंढरे राखावी, ओढ्यात हातांनी मासे धरावे, पक्ष्यांची घरटी शोधावी, आणि शाळेसाठी दररोज काही मैल पायपीट करावी, असे त्याचे बाळपण गेले. पुस्तकी विद्येपेक्षा अधिक मोलाची एक गोष्ट त्यास ह्या माळरानाने शिकविली, ती म्हणजे बारकाईने पाहण्याची सवय. पुढे ज्या एका क्षणामुळे त्याचे नाव अजरामर झाले, त्या क्षणी हीच सवय उपयोगी पडली.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो लंडनला वडील भावाकडे राहावयास गेला. तेथे थोडे शिक्षण घेऊन त्याने जहाजांच्या एका कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. त्या कामात त्याचे मन रमले नाही. अशा स्थितीत वयाच्या विसाव्या वर्षी एका चुलत्याच्या वारशातून त्यास थोडा पैसा मिळाला, आणि डॉक्टर असलेल्या भावाच्या सल्ल्याने त्याने वैद्यकीय शिक्षण घेण्याचे ठरविले. लंडनमध्ये तेव्हा बारा वैद्यकीय शाळा होत्या. त्यांपैकी सेंट मेरीज इस्पितळाची शाळा त्याने निवडली, ती मात्र गमतीदार कारणासाठी. ह्या शाळेच्या संघाशी तो पूर्वी पाण्यातील चेंडूचा सामना खेळला होता, एवढीच काय ती ओळख! परीक्षांत त्याने बक्षिसे मिळविली व १९०६ साली तो डॉक्टर झाला. शस्त्रवैद्य होण्याचा त्याचा मनोदय होता; परंतु तो उत्तम नेमबाज असल्यामुळे इस्पितळाच्या नेमबाजी मंडळास तो तेथेच राहावा असे वाटत होते, व त्यांच्या खटपटीने त्यास जंतुशास्त्राच्या विभागात जागा मिळाली. तेथेच त्याने सारा जन्म घालविला.

ह्या विभागाचे प्रमुख सर आल्म्रॉथ राईट हे होते. टायफॉईडची लस तयार करण्याच्या कामी त्यांची मोठी कीर्ती होती, आणि प्लेगच्या वेळी नेमलेल्या कमिशनचे सभासद म्हणून १८९८ साली ते आपल्या देशातही येऊन गेले होते. पुणेकरांस त्या प्लेगची आठवण वेगळी करून द्यावयास नको. सावित्रीबाई फुले ह्याच रोगाने १८९७ साली, रोग्यांची शुश्रूषा करता करता, आपल्यातून गेल्या. जंतूंवर नेमका घाव घालणारे औषध त्या काळी डॉक्टरांच्या हाती नव्हते. शरीरास स्वतःच्या बळावर लढावयास शिकवावे, ह्यातच वैद्यकाचे भविष्य आहे असे राईटसाहेबांचे मत होते. फ्लेमिंग हे बोलण्यात अत्यंत मितभाषी, तर राईट वादविवादपटू. तथापि गुरुशिष्यांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. राईटसाहेबांबरोबर फ्लेमिंगही फ्रान्समधील बुलोन येथील लष्करी इस्पितळात दाखल झाले. तेथे त्यांनी जे पाहिले ते ते कधी विसरले नाहीत. गोळीने वा तोफगोळ्याच्या तुकड्याने झालेल्या जखमेतून जवान वाचत, परंतु चार दिवसांनी ती जखम चिघळे, तिच्यातील जंतू रक्तात उतरत, अंगात हुडहुडी भरून ताप चढे, आणि तरणाताठा माणूस डोळ्यांदेखत जाई. त्या वेळचे सर्जन जखमेत तीव्र जंतुनाशके ओतीत. फ्लेमिंग ह्यांनी काचेच्या नळीस तापवून वाकडेतिकडे फाटे काढले व जखमेची एक प्रतिकृतीच बनविली. आणि ही जंतुनाशके जखमेच्या खोल कोपऱ्यांत दडलेल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, उलट शरीराच्या रक्षणार्थ धावून आलेल्या पांढऱ्या पेशींनाच मारून टाकतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. जंतूस मारील पण माणसाच्या पेशींस इजा करणार नाही असा पदार्थ सृष्टीत कोठे आहे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

युद्धानंतर ते पुन्हा सेंट मेरीजमध्ये आले. १९२१ साली त्यांना पडसे झाले असता त्यांनी आपल्याच नाकातील स्राव जंतूंच्या बशीवर टाकला, तेव्हा आसपासचे जंतू विरघळून गेलेले त्यांस दिसले. अश्रू, लाळ व अंड्याचा पांढरा बलक ह्यांतही हा गुण आहे असे त्यांस आढळले. अश्रू मिळविण्यासाठी ते सहकाऱ्यांच्या व प्रयोगशाळेतील पोरांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळीत व मोबदल्यात पोरांस पैसे देत, असे सांगतात. ह्या पदार्थास त्यांनी लायसोझाइम असे नाव दिले. खेदाची गोष्ट एवढीच की तो निरुपद्रवी जंतूंस मारी. घातक जंतूंवर त्याची मात्रा फारशी चालेना. तरीपण आपण शोधतो तसा पदार्थ असू शकतो, एवढे तरी ह्यावरून निश्चित झाले.

आता आम्ही त्या प्रसिद्ध दिवसाकडे येतो. १९२८ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग कुटुंबासह सुट्टीवर गेले. जाण्यापूर्वी गळवांत व पुवाच्या जखमांत आढळणारे स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू त्यांनी अनेक काचेच्या बश्यांत वाढविले होते. नीटनेटकेपणाबद्दल त्यांची ख्याती नव्हती. त्या बश्या मेजाच्या कोपऱ्यात तशाच रचून ठेविल्या होत्या. सप्टेंबरच्या ३ तारखेस परत आल्यावर एक एक बशी पाहून टाकून देत असता एका बशीवर बुरशीचा ठिपका वाढलेला त्यांस दिसला. शिळ्या भाकरीवर किंवा लिंबावर यावी तशीच ती बुरशी. परंतु तिच्याभोवतीच्या कड्यात जंतूंच्या वसाहती नाहीशा झाल्या होत्या, दूरच्या मात्र जशाच्या तशा होत्या. अशी बिघडलेली बशी दुसऱ्या कोणीही कपाळास आठ्या घालून फेकून दिली असती. फ्लेमिंग थांबले, पाहू लागले, आणि ती बशी त्यांनी जपून ठेविली. स्वच्छ कड्याची ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा आपल्यास भेटणार आहे.

ती बुरशी पेनिसिलियम जातीची होती, म्हणून तिच्या रसास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. हा रस आठशेपट पातळ केला तरी जंतूंची वाढ थांबवी, आणि पांढऱ्या पेशींस मात्र अपाय करीत नसे. १९२९ साली त्यांनी ह्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी प्रामाणिकपणे हेही नमूद केले की सर्वच जंतू ह्या रसास वश होत नाहीत. आतड्यांत राहणाऱ्या कोली जातीच्या जंतूंवर तो चालत नाही. रस शुद्ध करण्याचा प्रयत्न त्यांच्या दोघा तरुण साहाय्यकांनी केला, परंतु तो पदार्थ इतका नाजूक की हाती येता येता नष्ट होई. फ्लेमिंग रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी बुरशी जतन केली, मागेल त्यास दिली, आणि दहा वर्षे हा शोध मासिकाच्या पानांत पडून राहिला.

ह्या शोधास औषधाचे रूप आले ते ऑक्सफर्ड येथे. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली ह्या विद्वानांनी १९३९ साली काम हाती घेतले. १९४० च्या मे महिन्यात त्यांनी आठ उंदरांस प्राणघातक जंतू टोचले व त्यांपैकी चौघांस पेनिसिलिन दिले. औषध न मिळालेले चारही उंदीर रात्रीतून मेले, औषध मिळालेले जगले. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायास हे औषध देण्यात आले. जंतूंनी त्याचे सारे शरीर पोखरले होते. चार दिवसांत त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध संपले. त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली, तरी साठा पुरला नाही. जंतू पुन्हा उचल खाऊन उठले व मार्चमध्ये तो बिचारा मरण पावला. अर्धवट उपचाराने शत्रू मरत नाही, हा पहिला धडा पहिल्याच रोग्याने आपल्या प्राणाचे मोल देऊन शिकविला. पुढे अमेरिकेत मोठ्या टाक्यांतून बुरशी वाढविण्याची कृती बसविण्यात आली, आणि १९४२ च्या मार्चमध्ये न्यू हेवन शहरी, गर्भपातानंतर रक्तात जंतू शिरून महिनाभर मृत्युशय्येवर पडलेली एक तरुण स्त्री ह्या औषधाने वाचली. रक्त दूषित झाले म्हणजे आशा सोडावयाची, हा वैद्यांचा जुना अनुभव त्या दिवशी खोटा ठरला.

त्याच वर्षी फ्लेमिंग ह्यांनीही फ्लोरी ह्यांच्याकडून औषध मागून घेऊन, मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन मरणोन्मुख झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थास बरे केले. वर्तमानपत्रांनी ही वार्ता गाजविली व फ्लेमिंग ह्यांचे नाव जगभर झाले. १९४४ साली त्यांस सर ही पदवी मिळाली, आणि १९४५ साली फ्लोरी व चेन ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वाट्यास अधिक कीर्ती आली व ऑक्सफर्डच्या मंडळीस कमी, हे ते जाणून होते. पेनिसिलिन आपण निर्माण केले नाही, ते सृष्टीने केले, आपण केवळ पाहिले, असे ते नम्रपणे सांगत. येथे एक भ्रम दूर करणे आम्हास अगत्याचे वाटते. फ्लेमिंग ह्यांच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला बुडताना वाचविले, व त्याबद्दल चर्चिलच्या पित्याने अलेक्झांडरच्या शिक्षणाचा खर्च केला, अशी एक गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. ती रसाळ असली तरी खरी नाही. ज्या माणसाने जन्मभर केवळ जे दिसले तेच सांगितले, त्याच्या चरित्रात बनावट कथा घालणे शोभत नाही.

नोबेल पारितोषिक घेताना, १९४५ च्या डिसेंबरच्या ११ तारखेस स्टॉकहोम येथे केलेल्या भाषणाच्या शेवटी फ्लेमिंग ह्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. सारे जग त्या वेळी त्यांस धन्यवाद देत होते. अशा वेळी दुसरा कोणी स्वतःच्या शोधाची थोरवी गाता. ह्यांनी मात्र धोका दाखविला. गोष्टीचा आशय असा : एका गृहस्थाचा घसा दुखू लागतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो व थोडेसे घेतो. जंतू मारण्यास ते अपुरे, परंतु जंतूंस त्याचा सराव करून देण्यास पुरेसे असते. मग हे सरावलेले जंतू तो आपल्या बायकोस देतो. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिले जाते, आणि ते लागू पडत नाही. ती मरते. तिच्या मरणास कारण कोण? नवऱ्याचा निष्काळजीपणा. औषध घ्यावयाचे तर पुरेसे घ्यावे, हे त्या गोष्टीचे तात्पर्य होते.

हे भाकीत हवेतील नव्हते. प्रयोगशाळेत थोड्या थोड्या औषधात जंतू वाढविले तर ते निबर होतात, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. शिवाय १९४० सालीच, म्हणजे पहिल्या रोग्यास औषध टोचण्यापूर्वी, अब्राहम व चेन ह्यांनी काही जंतूंच्या अंगी पेनिसिलिनचा नाश करणारा एक पाचक रस असतो असे दाखवून दिले होते. पेनिसिलिन जंतूच्या देहाभोवतीची भिंत बांधू देत नाही, म्हणून तो फुटून मरतो; परंतु ज्या जंतूपाशी हा रस असतो तो औषधाचेच तुकडे करून टाकतो. कोट्यवधी जंतूंत असा एखादाच असतो. औषधाने बाकीचे मेले म्हणजे त्याला मैदान मोकळे सापडते. त्याची संतती वाढते, आणि ही विद्या तो शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतो. औषध जंतूस बलवान करीत नाही. ते दुबळ्यांस काढून टाकते व बळकटांस मागे ठेवते. ज्या शेतात अर्धवट खुरपणी होते तेथे हट्टी तणच माजते, तसाच हा प्रकार आहे.

भाकीत खरे ठरण्यास फार वाट पाहावी लागली नाही. मेरी बार्बर ह्या विदुषीने लंडनमधील एका इस्पितळातील स्टॅफिलोकॉकस जंतूंची मोजदाद केली. १९४६ साली शेकडा १४ जंतू पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ साली शेकडा ३८, आणि १९४८ साली शेकडा ५९ झाले. ज्या जातीच्या जंतूंवर फ्लेमिंग ह्यांना ते स्वच्छ कडे दिसले, तीच ही जात! १९४७ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून पेनिसिलिन विकण्यास बंदी केली. पुढे १९६० च्या सुमारास मेथिसिलिन नावाचे नवे औषध निघाले. १९६१ सालीच त्यासही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. तेव्हापासून नवे औषध व नवा निबर जंतू ह्यांची जी शर्यत सुरू झाली ती आजतागायत संपलेली नाही.

सर अलेक्झांडर फ्लेमिंग १९५५ च्या मार्चच्या ११ तारखेस लंडनमध्ये हृदयविकाराने निवर्तले, व त्यांच्या अस्थी सेंट पॉल्स ह्या महामंदिरात ठेवण्यात आल्या. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने १९५४ साली ह्या संस्थेची स्थापना झाली होती. अकरा वर्षांपूर्वी एका कुपीसाठी जेथे कलकत्त्यास विमान धाडावे लागले, तेथून हाकेच्या अंतरावर आता त्या औषधाच्या टाक्या भरू लागल्या. गरिबाच्या झोपडीपर्यंत औषध पोहोचले. ताप, न्यूमोनिया, बाळंतरोग ह्यांनी उजाड होणारी कितीतरी घरे वाचली. ही केवढी मोठी गोष्ट झाली, हे ज्यांनी तो पूर्वीचा काळ पाहिला होता तेच जाणत.

पण विपुलतेबरोबर निष्काळजीपणाही आला. आज इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात रोग्याच्या शिरेत सलाईनची सुई असते, लघवीची नळी असते, श्वासासाठी यंत्र असते. ही सारी जीव वाचविणारी साधने. परंतु प्रत्येक नळी म्हणजे जंतूंस रक्तात शिरावयास उघडलेले एक दार होय. धुतल्यावाचून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे गेलेला हात ते जंतू वाहून नेतो. जंतू रक्तात शिरले म्हणजे ताप भरतो, रक्तदाब खाली जातो, आणि मूत्रपिंडासारखी एक एक इंद्रिये काम सोडू लागतात. मग रोग्याचे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवतात. त्यात जंतू वाढला तर तो बशीवर पसरून, निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदाच्या बारीक चकत्या वर ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ कडे उमटते ते औषध चालते; जेथे कडे नाही तेथे औषध निरुपयोगी. ह्या साऱ्यास साधारण दोनतीन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ डॉक्टरांस अदमासाने औषध द्यावे लागते. वाचकहो, १९२८ साली फ्लेमिंग ह्यांनी जे कडे पाहिले तेच हे. दुर्दैवाने आज कित्येक बश्यांवर एकाही चकतीभोवती कडे उमटत नाही, आणि बशी हाती धरणाऱ्या तज्ज्ञास वॉर्डात काय निरोप धाडावा हे सुचत नाही.

असे जंतू पुष्कळदा क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर किंवा कोली ह्या जातींचे असतात. ह्यांच्यासाठी नवनवी औषधे निघाली, व त्यांचाही नाश करणारे रस ह्या जंतूंनी मिळविले. त्यांपैकी एक रस २००८ साली, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या रोग्याच्या जंतूत सापडला, व आपल्या राजधानीचे नाव त्यास चिकटले. २०१९ ह्या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे प्रत्यक्ष दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे. फ्लेमिंग ह्यांच्या गोष्टीतील त्या एका कल्पित स्त्रीच्या जागी आता ही लाखो खरी माणसे उभी आहेत.

येथे आम्हास एक कबुली दिली पाहिजे. मागे एकदा आम्हास ताप व घशाचा विकार झाला असता डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरे वाटले, म्हणून आम्ही त्या बंद केल्या व उरलेल्या जपून मेजाच्या खणात ठेविल्या. टाकून देणे म्हणजे उधळपट्टी, असे आम्हास वाटले. महिनाभराने वसतिगृहातील एका मुलाचा घसा दुखू लागला, तेव्हा त्याच्या आईबापांस खर्च नको म्हणून त्याच गोळ्या मोठ्या मायेने आम्ही त्यास दिल्या. मुलगा बरा झाला, व आम्ही स्वतःवर प्रसन्न झालो. पुढे वर्गात शिकविण्यासाठी फ्लेमिंग ह्यांचे चरित्र चाळीत असता ती घशाच्या दुखण्याची गोष्ट आमच्या वाचनात आली, आणि पुस्तक हातातच राहिले. त्या गोष्टीतील गृहस्थ आम्हीच होतो. काटकसर व दया ह्या दोन सद्गुणांच्या नावाखाली आम्ही तेच केले होते, जे करू नका म्हणून तो महात्मा सांगून गेला. घशाची बहुतेक दुखणी व पडशी विषाणूंमुळे होतात व त्यांवर ही औषधे मुळीच चालत नाहीत, हेही आम्हास तेव्हा ठाऊक नव्हते. त्या दिवशी आम्ही तो खण रिकामा केला.

आपल्या सरकारनेही ह्या बाबतीत नियम केले आहेत. २०१४ च्या मार्चपासून कित्येक महत्त्वाची प्रतिजैविके दुकानदारास चिठ्ठीवाचून देता येत नाहीत, व विक्रीची नोंद ठेवावी लागते. परंतु घराघरातील खणांपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे माणसाची समज हाच कायदा. दुसरी कोणतीही वस्तू आपण वाया घालविली तर तोटा आपला होतो. ह्या औषधाचे तसे नाही. आपण ते भलत्या वेळी वा अर्धवट घेतले तर त्याचे बळ सर्वांसाठीच कमी होते, आणि त्याचे प्रायश्चित्त कोठेतरी इस्पितळाच्या खाटेवर पडलेल्या, आपणास कधी न दिसणाऱ्या रोग्यास घ्यावे लागते. म्हणून हे औषध विकत घेतले तरी ते आपले एकट्याचे होत नाही. ती साऱ्या मानवजातीची ठेव आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे डॉक्टर होतील, परिचारिका होतील, औषधांचे दुकान चालवितील. सर्वच काही होणार नाहीत. पण तुम्ही सर्वजण आजारी तर पडाल, व इस्पितळात आप्तेष्टांस भेटावयासही जाल. तेव्हा रोग्याजवळ जाण्यापूर्वी व परतताना हात साबणाने धुवा. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ही औषधे घेऊ नका, आणि सांगितली तर सांगितली तितकी व तितके दिवस घ्या. आपली उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नका. हे करावयास सेंट मेरीजची प्रयोगशाळा लागत नाही. फ्लेमिंग ह्यांचे मोठेपण एका बशीकडे नीट पाहण्यात होते. त्यांच्या चरित्रापासून आपण एवढे जरी घेतले, की घरी जाऊन आपापल्या मेजाचा खण एकदा नीट पाहिला, तरी त्यांच्या इशाऱ्याचे आपल्यापुरते सार्थक होईल असे आम्हास वाटते.